पानवलचा पूल आणि आपले देऊळ

(ग्रामदेवता मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त भरलेल्या सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तहसील कचेरीत कारकुनी करणारा, एस.एस.सी.पर्यंत शिकलेला साधा माणूस. माझा सारा जन्म दुसऱ्यांच्या अर्जांवर जावक क्रमांक घालण्यात गेला. परंतु जीर्णोद्धार समितीने आज्ञा केली की, "तुम्ही कचेरीतले, तुम्हांला जुनी कागदपत्रे ठाऊक, तेव्हा पुलाची हकीकत तुम्हीच सांगा." देवळाच्या कार्यात रेल्वेच्या पुलाचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण विचार करता करता लक्षात आले की या दोन बांधकामांचा एकमेकांशी बराच संबंध आहे. तो संबंध मी माझ्या परीने सांगणार आहे. चुकलेमाकले पोटात घालावे.

आपल्या गावापासून कोसभर अंतरावर पानवल नदीच्या दरीवर कोकण रेल्वेचा पूल उभा आहे. रत्नागिरी स्टेशन सोडून निवसरकडे निघालेली गाडी त्यावरून जाते. हा पूल ४२४ मीटर लांब आहे आणि त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटर, म्हणजे सुमारे २१० फूट आहे. वीस मजल्यांची इमारत दरीत उभी केली तर तिची गच्ची पुलाच्या जवळपास येईल. आपल्याकडे शाळेच्या सहलीत सांगितले जाते की हा पूल कुतुबमिनारापेक्षा उंच आहे. ते खरे नाही. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे, म्हणजे आपला पूल त्याहून आठ-नऊ मीटरांनी उणाच. पण तो बांधला गेला तेव्हा भारतातील रेल्वेच्या पुलांत सर्वांत उंच होता, एवढे मात्र खरे. खऱ्याचा मान मोठा असताना त्यात खोट्याची भर घालण्याचे कारण नाही.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. आमचे आजोबा आगबोटीने जाऊन भाऊच्या धक्क्यावर उतरत. वडिलांच्या काळी एस.टी.ची रातराणी आली. संध्याकाळी बसावे आणि सकाळी कंबर धरून परळला उतरावे. म्हातारीकोतारी माणसे घाटातल्या वळणांनी हैराण होत. रेल्वेचे नुसते नाव काढले की लोक हसत. अशा काळात अ. ब. वालावलकर यांनी ही मागणी सोडली नाही. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ती लोकसभेत लावून धरली. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली. पुढे डोंगर, दऱ्या, खाड्या आणि खर्चाचा आकडा.

१९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि प्रा. दंडवते अर्थमंत्री. एकाला रेल्वे हवी होती आणि दुसऱ्याच्या हाती तिजोरी होती. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. केंद्र सरकारच्या रेल्वेने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवल घातले. आपल्या समितीने देखील वाडीवार वर्गणी बसविली, तेव्हा हा हिशेब आपणांस सहज समजेल. कारभार आला श्री. ई. श्रीधरन यांच्याकडे. रेल्वेतून नुकताच निवृत्त झालेला हा गृहस्थ, पण त्याने घड्याळ लावून काम करून घेतले. जून १९९३ मध्ये गाडी वीरपर्यंत आली, मार्च १९९५ मध्ये खेडपर्यंत, डिसेंबर १९९६ मध्ये सावंतवाडीपर्यंत, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला.

आता पूल इतका उंच का करावा लागला, हे सांगतो. आपला गाडीरस्ता दरी आली की वळणे घेत खाली उतरतो, मोरीवरून ओढा ओलांडतो आणि पुन्हा वळणे घेत वर चढतो. रेल्वेला तसे जमत नाही. या मार्गाला नियम असा घातला की दीडशे मीटर पुढे गेल्यावर फार तर एक मीटर चढ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्याला अधिक चढ सोसत नाही. म्हणून डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल. मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. आपल्याच तालुक्यातला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे.

पानवलला अडचण अशी होती की, २०० फुटांच्या दरीत खालपासून वरपर्यंत परांची बांधून वर स्लॅब ओतणे हे न होणारे काम. आपल्या सभामंडपाच्या १४ फुटांच्या स्लॅबला किती टेकू लागले ते आपण पाहिलेच आहे. म्हणून येथे निराळीच युक्ती केली, आणि ती भारतात प्रथमच. आधी दरीत पोकळ खांब उभारले. मग दरीच्या काठावर, जमिनीवरच, पुलाचा एक तुकडा साच्यात ओतला. तो पेटीसारखा, आतून पोकळ. सिमेंट पक्के झाल्यावर मागून मोठे जॅक लावून तो तुकडा दरीच्या दिशेने पुढे ढकलला. रिकाम्या झालेल्या साच्यात दुसरा तुकडा ओतला, पोलादी तारा ओढून ताण देऊन तो पहिल्याला जखडला, आणि दोन्ही मिळून पुढे ढकलले. मग तिसरा, मग चौथा. पुढच्या टोकाला लोखंडाची एक लांब चोच बसविलेली असे. पूल अधांतरी असतानाच ती चोच पुढच्या खांबावर जाऊन टेके आणि भार वाटून घेई. खांबांच्या माथ्यावर गुळगुळीत पट्ट्या ठेवलेल्या, त्यांवरून तो सारा डोलारा बोटाबोटाने सरके.

मी त्या वेळी हायस्कुलात होतो. शाळा सुटली की आम्ही पोरे कातळावर बसून ते पाहत असू. खरे म्हणजे पाहण्यासारखे काही दिसतच नसे. तासभर बसले तरी पूल जागच्या जागी. पण चार दिवसांनी गेले की चोच पुढे आलेली असे. आमच्यातला एकजण म्हणाला होता, "हा काय बांधतायत, हा तर उगवतोय." ते मला आजही आठवते.

आता या पुलाचा आणि आपल्या देवळाचा पहिला संबंध सांगतो. तो विहिरीचा. त्या कामावर परप्रांतांतले पुष्कळ मजूर आले होते. त्यांतील काही बिऱ्हाडे आपल्या वरच्या वाडीच्या माळावर झोपड्या घालून राहिली होती. एका वर्षी चैत्रातच ओढा आटला. ती माणसे देवळाच्या विहिरीवर हंडे घेऊन येऊ लागली. गावकी बसली. पाणी आपल्यालाच पुरत नाही, शिवाय कोण कुठली माणसे, भाषा कळत नाही, विहिरीला कुलूप घालावे असा विचार निघाला. मी वडिलांबरोबर सहाणेच्या कडेला बसून हे ऐकत होतो. त्या वेळचे गुरव, जे आज हयात नाहीत, शेवटी उठले आणि म्हणाले, "देवाच्या विहिरीला कुलूप घातलंत तर चावी कोणाकडे देणार? मी घेणार नाही." एवढेच बोलून ते खाली बसले. त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. सकाळी गावाने आणि दुपारनंतर मजुरांनी पाणी भरावे असे ठरले. त्या वैशाखात सगळ्यांनाच पाणी जपून वापरावे लागले, पण कोणाची चूल थांबली नाही. काम संपून जाण्याआधी त्या मंडळींनी एक दिवस विहिरीत उतरून सगळा गाळ उपसून दिला. कोणी सांगितले नव्हते. जीर्णोद्धाराच्या या दोन वर्षांत आपण सारा माल कालविला तो त्याच विहिरीच्या पाण्यावर.

त्यांतील एकाचेही नाव आज आपल्याला ठाऊक नाही. कोकण रेल्वे बांधताना ७४ माणसे कामावर दगावली. बोगद्यात दरडी पडल्या, माती खचली, अपघात झाले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी स्टेशनावर स्मारक उभारले आहे. गाडीला वेळ असला तर दोन मिनिटे तेथे उभे राहत जा, एवढीच विनंती.

दुसरा संबंध कागदाचा. तो सांगताना मला थोडे जड जाईल, पण तो सांगावा असे ठरवूनच मी उभा राहिलो आहे, आणि ज्यांच्याविषयी सांगायचे त्यांची परवानगी घेतली आहे.

या मार्गासाठी सुमारे ४२ हजार खातेदारांच्या जमिनी संपादन झाल्या. त्यांत आमच्या घरची अकरा गुंठे वरकस होती. नोटीस आली, मोजणी झाली, निवाडा झाला आणि पैसे मिळाले. सात-बाराला नावे दोन, माझे वडील आणि माझे काका. आजोबा वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा दोन मुलगे लावले गेले. आजोबांना एक मुलगीही होती. तिचे नाव कोणी लावले नाही. मुद्दाम वगळले असे मी म्हणणार नाही. लग्न झालेली मुलगी, तिचे काय लावायचे, अशी त्या वेळची रीत. परंतु १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिलेला होता, आणि रीत म्हणजे कायदा नव्हे. त्या पैशांतून आमच्या घरावर नवी कौले आली. मला शाळेला सायकल आली. त्या सायकलीवरून मी एस.एस.सी.पर्यंत गेलो.

त्या वर्षी आत्या शिमग्याला माहेरी आली. पालखी घरी येऊन गेली, जेवणे झाली, आणि ती सहज वरकशीकडे गेली. तेथे तिने लहानपणी लावलेले काजूचे झाड होते. झाड नव्हते आणि जमीनही नव्हती. लाल मातीचा सरळ पट्टा दिसत होता. परत येऊन ती ओटीवर बसली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, बाबांच्या जमिनीवरनं आगगाडी जायची, तर मला एक निरोप धाडायचा होतास रे." पैशाचा शब्द तिने काढला नाही. वडील काही बोलले नाहीत. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मला वाटले, आत्याला काजूचे वाईट वाटले.

पुढे मी नोकरीला लागलो. दुसऱ्यांची वारस प्रकरणे हाताळताना मला एकेक उमगू लागले. भावांनी बहिणीला वगळलेले अर्ज टेबलावर येत, आणि मी नियमाप्रमाणे सांगत असे की सर्व वारस दाखवा. असे कित्येक वर्षे सांगितले. मग एक दिवस एका बाईने मला विचारले, "साहेब, तुमच्या घरी लावलंय का बहिणीचं नाव?" ती बाई मला ओळखतही नव्हती. तिने रागाच्या भरात विचारले. पण मला त्या दिवशी डबा खाववला नाही.

मी वडिलांशी बोललो. ते थकले होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं. आज नको, उद्या बोलू असं करता करता राहिलं." मग मी आणि माझ्या चुलत भावांनी बसून हिशेब केला. त्या वेळच्या रकमेचा तिसरा हिस्सा आणि त्यावर जमेल तेवढे व्याज. ते घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. तिने पैसे हातात घेतले, मोजले नाहीत, आणि विचारले, "देवळाचं काम निघालंय ना? मग तिथं द्या." आम्ही म्हटले, तुझे आहेत, तू ठेव. ती म्हणाली, "माझे आहेत म्हणूनच मी सांगत्ये." एक अट मात्र घातली. पावती तिच्या माहेरच्या नावाने, आजोबांचे नाव लावून फाडावी. या पुस्तिकेच्या देणगीदारांच्या यादीत ते नाव आहे. आज ती समोर बायकांच्या रांगेत बसली आहे. मी तिच्याकडे पाहणार नाही, नाहीतर पुढचे बोलता येणार नाही.

मंडळी, हे आमच्याच घरचे नाही. संपादनाच्या वेळी कोकणात पुष्कळ घरांचे पैसे अडकून पडले, कारण सात-बारावर पणजोबांचे नाव आणि वारस मुंबईभर विखुरलेले. आज महामार्ग रुंद होत आहे. नवी कामे येतील. म्हणून कारकून म्हणून नव्हे तर गावचा माणूस म्हणून सांगतो. घरात कोणी वारले की दिवसकार्याबरोबर वारस नोंदीचा अर्जही करा. तलाठ्याकडे जा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला जोडा आणि सर्व वारस लिहा, बहिणींसकट. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून सोडील. आपण तिच्या वतीने सोडू नये. मुंबईकर मंडळींनी गणपतीला याल तेव्हा एक दिवस यासाठी राखून ठेवावा.

तिसरा आणि शेवटचा संबंध देखभालीचा. पूल बांधून झाला, फीत कापली, की काम संपले असे आपल्याला वाटते. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविलेले आहे. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाड्यांचा वेग कमी करतात, वेळ पडल्यास थांबवितात. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच निराळे असते. गाड्या सावकाश धावतात आणि गस्तीची माणसे रात्री कंदील घेऊन रूळ तपासतात. एवढे करूनही २००३ साली वैभववाडीजवळ दरडीमुळे मोठा अपघात झाला, हे आपण विसरलेलो नाही. आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोण विसरेल? महाडचा सावित्रीवरील रस्त्याचा जुना पूल पुरात गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. तो पूल १९२८ सालचा होता. दगडी पूल कालपर्यंत उभा होता म्हणजे उद्याही उभा राहील, असे होत नाही.

आपले देऊळ तसेच. जुने देऊळ पडायला आले ते एका दिवसात नव्हे. एक कौल फुटले, पाणी वाशावर आले, वासा कुजला, भिंत भिजली. त्या पहिल्या कौलाची किंमत जेवढी होती तेवढी वेळीच कोणी दिली असती तर हा जीर्णोद्धार वीस वर्षे पुढे गेला असता. म्हणून समितीला माझी सूचना आहे की, जमलेल्या निधीतून उरलेली रक्कम खर्चून न टाकता देखभालीसाठी बँकेत स्वतंत्र ठेवावी, आणि दरवर्षी मृगाआधी छप्पर, पन्हळी व विहीर यांची पाहणी करून वहीत नोंद करावी. वही ठेवण्याचे काम मी विनामूल्य करीन. ते एक काम मला येते.

दुसरी सूचना समितीने आधीच मान्य केली आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे आहेत, ती योग्यच आहेत. त्यांनी घाम गाळून मिळविलेला पैसा दिला. परंतु ज्यांनी चिरे तासले, ज्यांनी ते उन्हात डोक्यावरून वाहिले, ज्या गवंड्याने कळसाखालचा गोल साधला, ज्या सुताराने दरवाजा घडविला, त्यांची नावे या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापली आहेत. विहीर उपसणाऱ्यांची नावे आपण लिहून ठेवली नाहीत. ती चूक दुसऱ्यांदा होऊ नये.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. उंचीचा मान आता पानवलकडे राहिलेला नाही. ६ जून २०२५ रोजी काश्मीरच्या मार्गावर चिनाब नदीवरील पुलाचे उद्घाटन झाले. तो नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, आपल्या पुलाच्या साडेपाचपट. पण त्या पुलाचे काम सोपविले होते ते आपल्याच कोकण रेल्वे महामंडळाकडे. आपल्या दऱ्यांत जी विद्या शिकली गेली ती हिमालयापर्यंत पोहोचली, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परवा पहाटे काकड आरतीला आलो तेव्हा लांबवर मुंबईहून आलेली गाडी पुलावर चढल्याचा आवाज आला. त्या गाडीत आपल्यापैकी कोणी ना कोणी असणारच, कळसाच्या कार्याला निघालेले. आरती होईपर्यंत ती मंडळी निवसरला उतरून रिक्षा बघत असतील, असे मनात आले आणि बरे वाटले.

ग्रामदेवतेची कृपा सर्वांवर राहो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.